शनिवार रविवारी आला

आमच्या बेटावरच्या वाइतोआ गावात रविवारी कोणी इंजिन सुरू करत नाही, झाडावर चढत नाही, समुद्रात उतरत नाही. पहाटे उमूतले, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतले, दगड तापवून जेवण पुरून ठेवायचं, पांढरेशुभ्र कपडे चढवायचे आणि घंटा झाली की चर्चला निघायचं. गावाचा नियमच तसा, आणि मोडला तर गावसभा दंड ठोकते. आता एवढं कडक गाव रविवारी चालायचं कसं, असा प्रश्न कोणाला पडेल. ते पेसामिनोमुळे चालायचं.

पेसामिनो शनिवारवाला. त्याच्या मंडळीचा देवाचा दिवस शनिवार, त्यामुळे रविवारी तो मोकळा. मोठ्या चर्चच्या भोंग्यासाठी जनरेटर तोच सुरू करायचा, पाद्रीसाहेबांच्या जेवणासाठी धक्क्यावरून बर्फ तोच आणायचा. एकदा ऐन प्रवचनात डुक्कर शिरलं, तेव्हा डुक्कर हाकलणं हे काम की नाही यावर वडीलधाऱ्यांचं एकमत होईना. डुक्कर वेदीपाशी पोचलं. शेवटी पेसामिनोला बोलावणं धाडलं.

आणि सोमवारी गावसभा त्यालाच दंड करायची. रविवारी गाडी चालवली, रविवारी जनरेटरची दोरी ओढली, रविवारी डुक्कर हाकललं. दंड म्हणजे टिनमधल्या माशांची पेटी. ती तो मुकाट्याने आणून द्यायचा आणि सगळी सभा ते मासे तिथेच बसून खायची. ज्यांनी सांगितलं तेच दंड करतात, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. शनिवारवाला म्हटलं की एवढं सोसायचंच, असं त्याने धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यात त्याला थोडी ऐटही वाटायची.

पण रविवारचं त्याचं मुख्य काम वेगळंच होतं. गावचे थोरले मुखिया तुइलोमा यांचा एक पाय साखरेच्या आजाराने गुडघ्याखाली कापलेला. त्यांचं घर गावाच्या या टोकाला, मोठं चर्च त्या टोकाला चढावर. दर रविवारी पेसामिनो आपल्या पिकअपच्या मागच्या हौद्यात खुर्ची बांधायचा, मुखियांना त्यावर बसवायचा आणि चर्चला पोचवायचा. मुखिया काठीने टपावर दोनदा ठोकायचे, म्हणजे निघ. एकदा ठोकायचे, म्हणजे थांब. सगळा व्यवहार एवढाच. तुइलोमा त्याच्याशी बोलत नसत, आणि तुइलोमा त्याचे सख्खे मेहुणे होते.

भांडण पेसामिनोशी नव्हतंच, ते होतं फुआतिनोशी. फुआतिनो म्हणजे मुखियांची धाकटी बहीण. तरुणपणी राजधानीला, आपियाला, नर्सिंग शिकायला गेली आणि शनिवारवाली होऊन परत आली. बापाच्या मयताच्या जेवणात तिने शनिवारवाल्यांना वर्ज्य असलेल्या डुकराच्या मांसाला हात लावला नाही आणि भर सभेत म्हणाली, "दिवस चुकतोय तुमचा. सातवा दिवस देवाचा, आणि सातवा शनिवार." आमच्याकडे बहिणीचा मान भावाच्या डोक्यावर असतो. तुइलोमांना तो मान टाकताही येईना आणि झेपेनाही. तेव्हा ते सगळ्यांसमोर बोलून गेले, "तुझा आणि माझा देवाचा दिवस एक होईल, त्या दिवशी मी तुझ्या दारात थांबेन. तोवर नाही."

मुखियाचा शब्द. तो तोंडातून गेला की परत घेता येत नाही. घेता आला असता तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी घेतला असता, असं माझं मत आहे.

मग फुआतिनोने पेसामिनोशी लग्न केलं, त्यालाही शनिवारवाला केलं, आणि भाऊ काही दारात थांबला नाही. चर्चच्या रस्त्यावरच तिचं घर. दर रविवारी पिकअप यायच्या वेळेला ती हातात खराटा घेऊन अंगण झाडत उभी असायची. गाव म्हणायचं, बघा, रविवार मोडायची केवढी हौस, आणि तीही भावाच्या नाकासमोर. अंगणात एक पान नसायचं हे पेसामिनोलाच माहीत. पिकअप दिसावी, पिकअपमधला दिसावा, एवढ्यासाठी ती झाडत राहायची. पेसामिनो दारासमोर गाडी अगदी हळू करायचा आणि टपावर ठोका पडायची वाट बघायचा. मागे मुखिया समुद्राकडे तोंड करून बसलेले.

दोन वर्षांपूर्वी फुआतिनो गेली. जाताना तिने नवऱ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. "दिवस सोडायचा नाही. आणि दादाला चर्चला पोचवायचं चुकवायचं नाही. त्याला पायी जमायचं नाही." पेसामिनोने दोन्हीला हो म्हटलं. शनिवार आणि रविवार हे दोन वेगळे दिवस असताना यात अवघड काय होतं? तिला घरासमोर नीरफणसाच्या झाडाखाली पुरलं. पेसामिनो गाडी तिथे अजूनही हळू करायचा.

आणि मग सरकारने शुक्रवार काढून टाकला.

थट्टा नव्हे. आपला दिवस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मागे राहतो, व्यापाराला अडतं, म्हणून ठरलं की वार बदलायचे. वर्ष संपता संपता सगळा देश गुरुवारी रात्री झोपला आणि उठला तो थेट शनिवारी. शुक्रवारी ज्यांचा वाढदिवस होता त्यांनी काय करावं ते कोणी सांगितलं नाही.

शनिवारवाल्यांच्या छोट्या मंडळीत गोंधळ माजला. मंडळीचे वडील एलिसाला यांनी सगळ्यांना बोटं पुढे करायला लावली. "मोजा. रविवार पहिला. सोम दुसरा, मंगळ तिसरा, बुध चौथा, गुरू पाचवा. पुढे सूर्य उगवला तो कितवा?"

"सहावा," सगळे म्हणाले.

"सरकार त्याला काय म्हणतं?"

"शनिवार."

"म्हणजे सातवा कधी येतो?"

सगळ्यांनी बोटं पुन्हा मोजली. सातवा येत होता रविवारी.

अर्धी मंडळी म्हणाली, शनिवार म्हणजे शनिवार, पाटी बदलली म्हणून काय झालं. अर्धी म्हणाली, देवाने पाटी दिली नव्हती, मोजणी दिली होती. दोन्हीकडची माणसं भली होती. पेसामिनोने घरी येऊन फुआतिनोच्या कबरीपाशी पुन्हा बोटं मोजली, उजव्या हाताची, मग डाव्या हाताची. कुठूनही मोजलं तरी सातवा रविवारीच. खोटं कसं बोलायचं? तिने दिवस सोडायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि दिवस उठून शेजारच्या घरात राहायला गेला होता.

त्याला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं, तर इतकी वर्षं गाव एका बाजूला आणि तो एका बाजूला होता. आता पांढरे कपडे घालून तो रस्त्यावर आला तर गर्दीत कोणाला कळणारही नाही.

बातमी गावसभेत पोचली आणि त्याला बोलावणं आलं. सभेच्या वतीने बोलायचा मान लाउलूचा. याच लाउलूने आजवर त्याला प्रत्येक दंड सुनावला होता. लाउलूने घसा खाकरला. "पेसामिनो, आम्ही ऐकतो ते खरं का? तू म्हणे रविवार पाळणार?"

"हो."

"अरे, माणसाने असा धर्म सोडावा का? इतकी वर्षं तू आपल्या श्रद्धेवर ठाम राहिलास. आम्हाला किती कौतुक!"

"कौतुक? दंड करत होता की तुम्ही."

"दंड कौतुकानेच करत होतो. मग आता जनरेटर कोण लावणार?"

"मी काही बदललो नाही," पेसामिनो म्हणाला. "तुम्हीच माझ्याकडे आलात. मोजून बघा."

सभेतल्या सगळ्या मुखियांनी मांडीवर बोटं मोजायला घेतली. ज्यांचा हिशेब चुकला त्यांनी शेजाऱ्याची बोटं घेतली. तुइलोमांनी एकदाच मोजलं, आणि सातव्या बोटाशी येऊन मूठ मिटली.

"म्हणजे," कोपऱ्यातला एक म्हातारा घाबरून म्हणाला, "आपण सगळे शनिवारवाले झालो की काय?"

"असं मोजायचं नसतं!" पाद्रीसाहेब एकदम म्हणाले. "देव नाव बघतो." सगळ्यांना हायसं वाटलं आणि बोटं सोडली गेली.

मग तुइलोमा बोलले. पेसामिनो त्यांच्यासमोर हातभरावर बसला होता, पण ते बोलले लाउलूशी. "त्याला विचार, मी चर्चला जायचं कसं?"

"मुखिया विचारतायत, ते चर्चला जाणार कसे?"

"त्यांना सांगा, गाडी मी चालवणार नाही. माझा शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस. पण पोचवीन."

"तो म्हणतो, गाडी नाही चालवणार, पण पोचवणार."

"हे मला ऐकू आलं," तुइलोमा लाउलूवर खेकसले. "कसा, ते विचार."

"ते ठरवलं नाही अजून," पेसामिनोने परस्पर सांगून टाकलं. सभा दचकली.

शेवटी ठराव झाला. पेसामिनोने रविवारी काम केलं नाही तर दंड.

"किती?" त्याने विचारलं.

"नेहमीचाच," लाउलू म्हणाला. पेसामिनोने शनिवारीच पेटी आणून दिली. रविवारी उचलणं म्हणजे काम झालं असतं.

रविवार उजाडला. पेसामिनोने लुंगीसारखा पांढरा लावालावा नेसला, पवित्र शास्त्र काखेत घेतलं आणि तारोचे कंद वाहायची एकचाकी ढकलगाडी काढली. आत चटई घातली, वर फुआतिनोची उशी ठेवली आणि मुखियांच्या दारात जाऊन उभा राहिला. मुखियांची सून किंचाळली, "यात? ह्यांना? अहो, यात आम्ही डुकरांचं खाणं नेतो!"

"डुकरं मी पाळत नाही," पेसामिनो म्हणाला. "ही स्वच्छ आहे."

"पण ढकलणं म्हणजे काम नाही होय?"

"गाडी चालवणं काम. लंगड्याला उचलणं दया. शास्त्रात दयेला सुट्टी नाही." हे त्याने रस्त्यातच जुळवून ठेवलं होतं, आणि पुरेसं पटेल की नाही याची त्याला स्वतःलाच धास्ती होती.

तुइलोमांनी गाडीकडे बघितलं, उशीकडे बघितलं. मग आत बसले. कापलेला पाय आत, धड पाय बाहेर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मुखियांची नारळाच्या काथ्याची चवरी. काठीने कडेवर दोनदा ठोकलं. वरात निघाली. चाक असं करकरत होतं की भोंग्याची उणीव भासू नये. तेल घालायचं शनिवारी राहून गेलं होतं, आणि आता घालणं म्हणजे काम. मोठ्या चर्चला आणि शनिवारवाल्यांच्या छोट्या चर्चला निघालेलं सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं. एकजण म्हणालाच, "पेसामिनो, तारो केवढ्याला?" मुखियांनी चवरी उगारली तसा तो गप्प झाला.

फुआतिनोच्या घरापाशी आल्यावर पेसामिनो सवयीने हळू झाला. एवढा हळू की गाडी कलंडायला आली.

काठीचा एक ठोका पडला.

त्याला वाटलं चाक दगडावर आपटलं. तो पुढे निघाला तशी काठी पुन्हा आदळली, आणि समोरून कधी न ऐकलेला आवाज आला. कधी न ऐकलेला म्हणजे, त्याच्याशी बोलताना. "थांब म्हटलं ना."

पेसामिनो थांबला. मुखिया कबरीकडे बघत होते. नीरफणसाची मोठमोठी पानं सगळ्या अंगणात आणि कबरीवर पसरली होती.

"झाडलं नाहीस?" तुइलोमांनी विचारलं.

"आज शब्बाथ आहे. आज झाडत नाही आम्ही."

"ती तर दर रविवारी झाडायची."

"तेव्हा रविवार आमचा नव्हता." पेसामिनो म्हणाला. "आणि अंगण साफच असायचं. तुम्ही जाताना दिसावं म्हणून झाडायची ती."

मोठ्या चर्चची घंटा वाजली, मागोमाग छोट्या चर्चची वाजली. पहिल्यांदाच दोन्ही एकाच दिवशी वाजत होत्या.

"मला वाटायचं, मला डिवचायला झाडते," मुखिया म्हणाले. "उतरव मला, दाजी."

पेसामिनोने त्यांना उतरवून कबरीच्या कट्ट्यावर बसवलं. तुइलोमांनी चवरी नीट धरली आणि वाकून कबरीवरची पानं एकेक खाली लोटायला लागले. काथ्या मऊ, पानं जड, एक पान सरकायला तीनदा हात मारावा लागत होता. कबर झाल्यावर ते बसल्या जागेवरून पुढे घसरत जमिनीवर उतरले आणि अंगणाला लागले.

उशीर झालेला लाउलू धावतपळत चर्चला चालला होता. तो फाटकाशी थबकला. "मुखियासाहेब... हे काम चाललंय?"

"काम चाललंय," तुइलोमा मान वर न करता म्हणाले. "उद्या पेटी पाठवतो. जा तू, प्रार्थनेला उशीर होईल."

लाउलू गेला. मुखिया एका गुडघ्यावर सरकत सरकत झाडत राहिले. घामाने त्यांचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. पेसामिनोच्या मनात फार आलं की उठावं, खराटा आणावा, हात लावावा. पण आज देवाचा दिवस होता आणि त्याने तिला शब्द दिला होता. तो फुआतिनोच्या कबरीला टेकून बसून राहिला, शास्त्र मांडीवर ठेवून, आणि मोठमोठ्याने रडला.