झाकलेलं मशीन

फोन आला तेव्हा मी मंडईत होते. संध्याकाळी बँकेतल्या जुन्या मैत्रिणी घरी येणार होत्या, म्हणून मटार आणि ओला नारळ घ्यायला गेले होते. फोनवर शेजारचे डॉक्टर होते. म्हणाले, वहिनी, हातातलं सगळं ठेवा आणि रिक्षाने सरळ हॉस्पिटलमध्ये या. त्यांच्या आवाजावरूनच काय ते कळलं. मी पोचले तेव्हा हे गेले होते. सगळे सोपस्कार उरकून घरी परतले, तर हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ह्यांचं कॉम्प्युटरचं मशीन नीट झाकून ठेवलेलं. मैत्रिणी यायच्या आहेत हे मी सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे निघून जाण्याआधी, दुपारीच केव्हातरी, ह्यांनी ते बंद करून त्यावर कव्हर घातलं होतं आणि चारही कोपरे ओढून सरळ केले होते. तशा अवस्थेतसुद्धा माझ्या मनात आलं, केवढा शिस्तीचा माणूस... आणि ही शिस्त लावली कोणी, तर मी. हे असं माझ्या मनात आलं होतं, हे आता लिहितानाही मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची होती. भाचा मजकूर लिहायला बसला आणि विचारू लागला, मामी, मामांच्या नावापुढे काय लिहू? मी क्षणभरही न थांबता सांगितलं, कॉम्प्युटर कन्सल्टंट. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. तसंच छापून आलं. ते खोटं होतं. माझा नवरा कधीही कन्सल्टंट नव्हता. हा शब्द मीच कुठूनतरी उचलून आणला होता आणि इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर फेकत होते, तो शेवटी त्यांच्या फोटोखालीही चिकटवला. सारखं 'हे' आणि 'ह्यांचं' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून इथे नाव घेते. मधुकर. समोर असताना उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं.

मधुकर पिंपरीकडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. ज्या काळात घरोघरी कॉम्प्युटर म्हणजे सिनेमात दिसणारी गोष्ट होती, त्या काळात त्यांच्या ताब्यात परदेशातून आलेलं एक मशीन होतं, त्यावर यंत्रांची ड्रॉइंग्ज व्हायची. आपल्या नेहमीच्या पीसीच्या जातीचं ते नव्हतं, आतली चिपच निराळी. मग बाजार खुला झाला, कारखान्यात नवे भागीदार आले, नव्यांनी नवे कॉम्प्युटर आणले आणि जुनं मशीन व मधुकर यांना जवळपास एकदमच निरोप मिळाला. सहकाऱ्यांनी हातात श्रीफळ दिलं, कंपनीने व्हीआरएसचे कागद दिले. मशीन भंगारात निघालं होतं, ते मधुकरांनी मागून घेतलं आणि टेम्पोत घालून सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं. मी दारात उभी होते. टेम्पोवाल्यासमोर म्हटलं, माणूस रिटायर झाल्यावर घड्याळ आणतो. ते म्हणाले, "यातही घड्याळ आहे." असं ते बोलायचे. एवढंच आणि कोरडं. कळलं तर कळलं.

त्या मशीनला बाजारातलं कुठलंच सॉफ्टवेअर चालत नव्हतं. चालेल तर लिनक्स चालेल, असं ते म्हणायचे. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, फुकट मिळणारं आणि अडलं तर कोणाला दोष द्यायची सोय नसलेलं. तेही सुखासुखी चालेना. पडदा काळाच. मग त्यांनी दुसरा एक जुना पीसी शेजारी मांडला, दोघांमध्ये केबल जोडली आणि मशीन मनातल्या मनात काय पुटपुटतंय ते त्या पीसीवर वाचू लागले. मी बँकेत जायचे आणि परत यायचे तेव्हा ते तिथेच असायचे. माझ्या बरोबरीच्या बायकांचे नवरे तोवर साहेब झाले होते, त्यांची मुलं हिंजवडीला आयटीत लागली होती, कंपनीच्या बसने जात-येत होती. आणि माझा नवरा घरात, लुंगी-बनियनवर, भंगाराशी बोलत बसलेला. मला लाज वाटायची. नुसती कुरबुर नव्हे, खरीखुरी लाज, कोणी बेल वाजवली की आधी त्या कोपऱ्याकडे बघायला लावणारी.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूला कव्हर असतं. मिक्सरला आहे, टीव्हीला होतं, फ्रीजच्या मुठीलासुद्धा आहे. तेव्हा मी जुन्या पडद्याच्या जाड कापडाचं, आतून अस्तर लावून, मशीनला आणि त्याच्यावरच्या मॉनिटरला मिळून एक कव्हर शिवून घेतलं. मधुकरांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "त्याला थंडी वाजत नाही गं." झालं. मला वाटलं, नेहमीचा टोमणा. मी ते रागाने कपाटात कोंबलं. दर रविवारी दुपारी ते लिनक्सवाल्यांच्या मंडळात जायचे. एका क्लासच्या रिकाम्या खोलीत हे लोक जमायचे आणि एकमेकांच्या अडचणी सोडवायचे. मग मी घरी कोणाला बोलवायचं ते रविवारी दुपारीच बोलवू लागले. ते गेले की कपाटातून कव्हर काढायचं, मशीनवर घालायचं, वर फुलदाणी ठेवायची. पाहुणे गेले की कव्हर परत कपाटात. आणखी एक टोमणा ऐकायची माझी तयारी नव्हती.

एव्हाना मशीन चालू लागलं होतं. पेठेतल्या एका वाचनालयाने मधुकरांना सांगितलं होतं की आठवडाभर न थांबता चालवून दाखवा, मग आमच्या पुस्तकांची सूची यावर ठेवू आणि ती तुम्हीच सांभाळा. या एका गोष्टीने ते बदलले. दाढी रोजची झाली. वाचनालयात बसताना घालायला म्हणून दोन शर्ट इस्त्री करून ठेवले. सोमवारी ते मशीन चालू करायचे, आठवडा छान जायचा, आणि रविवारी संध्याकाळी परत येऊन पाहावं तर मशीन ठप्प. पडद्यावर काही नाही, कळ दाबली तर हूं नाही की चूं नाही. आत नोंदींमध्ये शेवटची ओळ नेहमीसारखीच, तक्रार कसलीच नाही. त्यांनी मेमरीच्या पट्ट्या एकेक करून बदलल्या. लिनक्सचा गाभा, म्हणजे त्यातला मूळ प्रोग्रॅम, एकेक भाग वगळून पुन्हापुन्हा बांधला. मंडळात कोणी म्हणालं की रविवारी सगळे घरी असतात, गिझर आणि इस्त्र्या चालतात, विजेचा दाब पडत असेल. म्हणून स्टॅबिलायझर आला. मग कोणी अर्थिंगचं नाव काढलं, तर माती ओली राहावी म्हणून मधुकर बिल्डिंगच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीने पाणी ओतू लागले. सोसायटीतले लोक गॅलरीतून पाहायचे. एकाने मला जिन्यात विचारलं, काय वहिनी, साहेबांनी झाड लावलंय का? मी घरात येऊन मधुकरांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत होते, आणि बादली हातातच होती.

मग तो रविवार आला. आमच्या मुलीसाठी, सायलीसाठी, एक स्थळ आलं होतं, मुलगा हिंजवडीचा, चांगला. त्याचे आईवडील घर पाहायला येणार होते आणि मी त्यांनाही दुपारचीच वेळ दिली होती. मधुकरांना म्हटलं होतं, पहिल्या भेटीत सगळ्यांनी कशाला असायला हवं, तुम्ही तुमच्या मंडळात जाऊन या. बाप म्हणून त्यांना काय वाटलं असेल, हा विचार तेव्हा शिवलाही नाही. पोहे झाले, चहा चालू होता, आणि लॅच उघडून मधुकर आत आले. क्लासची खोली त्या दिवशी मिळाली नव्हती. त्याच वेळी मुलाच्या आईने कोपऱ्याकडे पाहत विचारलं, हे काय झाकून ठेवलंय? मी म्हटलं, "माझं शिलाई मशीन."

मधुकर टेबलापाशी गेले. त्यांनी कव्हरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार... मग पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "कव्हरही हिचंच. छान जाड आहे." आणि खुर्ची ओढून चहाला बसले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

लग्न ठरलं, झालं. विहीणबाई हौशी. पहिल्याच संक्रांतीला त्यांनी ब्लाउजपीस आणला, म्हणाल्या, तुम्ही शिवता ना, मला एक शिवून द्या. खोटं अंगाशी आलं. कसबा पेठेत एक शिंपी गाठला, त्याच्याकडून शिवून घेतला आणि माझा म्हणून दिला. मग हे दरवर्षीचंच झालं. कापड घेऊन कसब्यात चालत जायचे आणि शिवलेला ब्लाउज कागदात गुंडाळून आणायचे ते मधुकर. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्या रविवारनंतर आणखी एक झालं. पाहुणे यायचे असले की ते स्वतःच मशीन नीट बंद करायचे आणि स्वतःच्या हाताने कव्हर घालायचे. मला वाटलं, लोकांत कसं राहावं हे एकदाचं उमजलं यांना. वाचनालयाला तोवर कोणीतरी नवा कोरा पीसी देणगी म्हणून दिला होता. मधुकर म्हणाले, त्यांना नवा मिळाला, बरं झालं. इस्त्री केलेले दोन शर्ट नेहमीच्या कपड्यांत गेले आणि मीही फार विचारलं नाही.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी मेश्रामांना फोन केला. मेश्राम मूळचे नागपूरचे, शिकायला पुण्यात आले, मधुकरांच्या मंडळात होते, आता हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. म्हटलं, ते मशीन घेऊन जा, मला बघवत नाही. ते आले, पण म्हणाले, नेण्याआधी एकदा चालू करून पाहू, सरांचं काही आत असेल. मशीन सुरू झालं. पंख्याची ती ओळखीची घरघर घरात भरली आणि मला रडू आलं. तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीच्या बायका भेटायला आल्या होत्या. माझे हात सवयीने कव्हराकडे गेले.

"नाही जी काकू, चालू असताना नका घालू," मेश्राम म्हणाले. "कोंडून तापतं आणि बंद पडतं. सरांना त्याचाच तर त्रास झाला होता."

बायका बसून गेल्या. मग मी मेश्रामांना समोर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. त्यांच्या मंडळाचा एक नियम होता. अडचण ईमेलवर सगळ्यांना विचारायची, आणि सुटली की दोष नेमका काय होता ते सविस्तर लिहायचं, म्हणजे पुढच्याला तोच त्रास नको. कोणी नुसतं 'झालं, धन्यवाद' लिहून मोकळा झाला तर मधुकर त्याची खरडपट्टी काढायचे. अर्धं उत्तर देणारा माणूस न विचारलेला बरा, म्हणायचे. अख्खं मंडळ कित्येक महिने त्यांच्या मशीनसाठी डोकं खाजवत होतं. आणि एका रविवारी त्यांचा मेल आला. "दोष सापडला. हवा खेळत नव्हती. चूक माझी, मशीन ठेवण्यात निष्काळजीपणा झाला." मेश्रामांनी उलट विचारलं होतं, सर, निष्काळजीपणा म्हणजे नेमका काय? त्याला उत्तर आलं नाही. सरांनी एवढ्या एकाच वेळी नियम मोडला, असं मेश्राम हसत सांगत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी ऐकत होते आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

म्हणजे कव्हरवर हात ठेवला तेव्हाच त्यांना कळलं. ती ऊब हाताला लागली तेव्हा वाचनालय, अर्थिंगच्या खड्ड्यातल्या बादल्या, मी बोललेले ते सगळे शब्द, सगळं एका क्षणात उलगडलं असणार. आणि हेही, की बायको आपल्यालाच झाकत होती. त्यावर या माणसाने काय केलं, तर चहा घेतला. पुढे मला एकदाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी ते कव्हर कशाला घालत होते हेही बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मशीन बंद करून स्वतःच झाकून ठेवणं त्यांनी पत्करलं, आणि मी त्याला माझी शिस्त समजत राहिले. मंडळातल्या लोकांनो, ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं अर्धं हे असं आहे. कव्हर माझं होतं.

मशीन मी दिलं नाही. मेश्रामांनी चालू कसं करायचं आणि नीट बंद कसं करायचं ते शिकवलं, सकाळी मी ते लावते. गेल्या रविवारी विहीणबाई आल्या. बेल वाजली तेव्हा मशीन चालूच होतं आणि मी ते तसंच ठेवून दार उघडलं. त्या बसल्या, मधुकरांविषयी चार शब्द बोलल्या, डोळे पुसले. मग पिशवीतून संकोचाने एक ब्लाउजपीस काढला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "तुमचं शिलाई मशीन कुठे गेलं हो?"

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. म्हटलं, "हेच ते. यांचा कॉम्प्युटर आहे. कन्सल्टंट वगैरे काही नव्हते ते, घरी बसून हा चालवायचे."

त्या उठून टेबलापाशी गेल्या. लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चांगला चालतोय की," त्या म्हणाल्या. "मग इतकी वर्षं झाकून का ठेवला होतात?"

मी ब्लाउजपीस हातात घेतला आणि त्याची घडी पुन्हा घालत बसले. मशीनचा पंखा चालू होता.