झुळुकीची आई

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. घरचीला अर्धं ठाऊक आहे, तेही मी सांगितलं म्हणून नव्हे — ती तिथे उभी होती म्हणून. उरलेलं अर्धं माझ्याजवळच राहिलं. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच जमत असेल.

मोहाडी तालुक्यात आमची धानाची शेती, आणि अख्ख्या गावात घोडी एकट्या माझ्याकडे. वडिलांची सवय मला लागली. मोटारसायकली आल्या, ट्रॅक्टर आले, मी घोडी सोडली नाही. त्यामुळे घोड्यातलं कळणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. कोणाला वरातीसाठी घोडा घ्यायचा असला की मला सोबत नेत. मी दात पाहायचो, खुरं पाहायचो, दोन चकरा मारायला लावायचो आणि मग ठेवणीतलं वाक्य काढायचो — खाण तशी माती, आधी याची माय दाखवा. लोक माना डोलवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

आणि माझी स्वतःची घोडी? तिचं नाव गोटी. नावावरूनच समजा. ठेंगणी, पोट सुटलेली, जात कोणती म्हणाल तर कोणतीच नाही. ओझं वाहणाऱ्या टट्टूंच्या कळपातून वडिलांनी आणलेली. पण धानाची पोती पाठीवर घेऊन चिखलाच्या बांधावरून अशी चालायची की पाय घसरायचा नाही. कितीही लादा, मान खाली घालून चालायची. पाठ दुखते हे त्या जनावराने मला कधी कळूच दिलं नाही — की मीच पाहिलं नाही?

गावात एका लग्नाला तुमसरहून पांढरा मारवाडी घोडा आला होता. कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, देखणा. मालकाला विचारून मी गोटीला त्याच्याकडे नेलं. पुढच्या वर्षी तिला शिंगरू झालं, मादी. कान बापाचे, बाकी सगळी आई. तिसऱ्या दिवशी मी सुतळी घेऊन तिचा पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत मोजला. तेवढा भाग पुढे फारसा वाढत नाही, त्यावरून घोडं किती उंच होणार ते कळतं. वडिलांनी शिकवलं होतं. ही पोर आईएवढीच राहणार होती. मला तेव्हाच कळलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मृणाल आली तेव्हा शिंगरू दीडेक वर्षाचं होतं. मृणाल म्हणजे जवाहरनगरची पोर, वडील तिथे कारखान्यात. नागपूरला घोडेस्वारी शिकलेली, अंगाने उंच आणि भरदार. तिला ड्रेसाज करायचं होतं. त्यात शर्यत नसते, उड्या नसतात. स्वाराने हात हलल्यासारखासुद्धा दाखवायचा नाही आणि घोड्याने मात्र रेघेवर चालायचं, तिरकं सरकायचं, जागच्या जागी ठेक्यात पाय उचलायचे. त्यासाठी तिला स्वतः घडवलेलं, कोवळ्या वयापासूनचं घोडं हवं होतं. कोणीतरी माझं नाव सांगितलं आणि ती आली.

शिंगरू अंगणात चालत होतं. ती बघतच राहिली. "काकाजी, चाल पाहा न हिची," म्हणाली. मग तिने विचारलं — दुसरं काय विचारणार? मीच आयुष्यभर जे विचारत आलो तेच.

"हिची आई कोणती जी?"

शिंगरू त्या वेळी गोटीच्या मानेखाली जाऊन उभं होतं. गोटी त्याची पाठ चाटत होती. मी नुसतं बोट दाखवायचं होतं. एवढंच. इथेच माझं घोडं पेंड खात होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, तिने किंमत विचारलीसुद्धा नव्हती. पण मी, खानदानाची भाषा करणारा मी, या टट्टूकडे बोट दाखवू? शिकलेल्या पोरीसमोर?

मी म्हणालो, "माय मेली बिचारीची. मारवाडी होती, केसर नाव. तिची माय राजस्थानातून आणली होती." बोलता बोलता मी चार पिढ्या रचल्या. एक आजी रचली, तिचा तोरा रचला, पणजीच्या कपाळावरचा चांदसुद्धा रचला. गोष्टी सांगायला मला कधीच अडलं नाही. मृणालचे डोळे भरून आले. "मंग ही कोण?" तिने गोटीकडे पाहून विचारलं.

"हे? हे अशीच. पोती वाहते. हिनंच सांभाळलं पोरीले."

मृणालने गोटीच्या कपाळावरून हात फिरवला आणि शिंगराला म्हणाली, "मावशी चांगली भेटली तुले." माझी घरची चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि आत गेली. या विषयावर ती माझ्याशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? घोडीची आई बदलली? मीही स्वतःला हेच सांगत होतो. जनावराला काय फरक पडतो? बाप तर खराच होता.

मृणालने शिंगरू नेलं आणि तिचं नाव झुळूक ठेवलं. जवाहरनगरच्या बाहेर जागा भाड्याने घेतली, टिनाचं शेड घातलं, रेती टाकून मैदान केलं. मी अधूनमधून जायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला ती झुळुकीचं खानदान तोंडपाठ सांगायची — केसर, तिची आई, तिची आई. मी शेजारी उभा राहून ऐकायचो. एखादं नाव चुकलं तर दुरुस्तही करायचो. निर्लज्जपणाला काही हद्द असते म्हणतात. मला तर ती कुठे लागली नाही.

तीन वर्षांची झाली तरी झुळूक मृणालच्या खांद्याला लागेना. "काकाजी, हे वाढून काहून नाही राहिली?" तिने विचारलं. म्हणजे देवाने मला दुसऱ्यांदा संधी दिली होती. मी म्हणालो, या रक्ताच्या घोड्या उशिरा वाढतात, हिची आजी पाच वर्षांची होईपर्यंत वाढत होती. मृणालचा जीव भांड्यात पडला. घोडी वाढणारच आहे म्हणून तिने मोठं खोगीर घेतलं आणि काम सुरू केलं.

मला कधीकधी त्या पोरीचाच राग येतो. एवढी शिकलेली, एवढी हुशार — एकदाही संशय घेऊ नये? डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर जास्त भरवसा? पण हा रागही चोराच्या उलट्या बोंबा, हे मला कळतं.

आता ते उरलेलं अर्धं.

नागपूरहून दर रविवारी तिचे सर शिकवायला यायचे. धिप्पाड माणूस. अवघड चाल ते आधी स्वतः बसून करून घ्यायचे. झुळूक सगळं शिकली. एक पाय दुसऱ्यावरून टाकत अशी तिरकी सरकायची की रस्त्याने जाणारे थांबायचे. मग काही आठवड्यांनी ती खोगीर आणलेलं पाहिलं की पाठ खाली दाबायला लागली. तिरकं चालताना मध्येच थांबायची. एका रविवारी सर पाठीवर असताना ती थांबली ती थांबलीच. तिच्या पाठीवर, खोगिराच्या मागे, दोन बोटं रुंद सूज होती. मी कुंपणाशी उभा होतो. मला दिसत होती.

सरांना वाटलं, मस्ती. ते वरून माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही तर हिच्या पिढ्या पाहिल्या आहेत. खानदानात हट्टीपणा आहे का?"

काय बोलायला हवं होतं? ही टट्टूची पोर आहे, साहेब, खाली उतरा. हिच्यावर एखादं लहान मूल बसवा. तिची पाठ दुखते आहे, आणि हिच्या आईकडे दुखलं म्हणून सांगायची रीत नाही — थांबली आहे म्हणजे सोसण्यापलीकडे गेलं आहे. हे सगळं माझ्या तोंडात होतं. मृणाल माझ्याकडे पाहत होती. सर पाहत होते. घोड्यातलं कळणारा माणूस काय म्हणतो ते ऐकायला दोघंही थांबले होते.

मी म्हणालो, "आहे थोडासा. आजी तशीच होती."

जी आजी कधी जन्मलीच नाही तिच्या हट्टापायी सरांनी झुळुकीला टाच मारली, मग चाबूक. ती चालली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी, डौलात, एक पाऊल न चुकवता चालली. सर म्हणाले, बघा, येत होतं की नाही? मृणालने टाळी वाजवली. मीही हसलो.

त्यानंतर तिचा मागचा पाय ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा गेला, आता हिच्यावर कोणी बसायचं नाही. मृणालने स्वारी सोडली. नुसती झुळुकीची नव्हे, सगळीच. सध्या भंडाऱ्याला एका दुकानात हिशेब पाहते.

गेल्या उन्हाळ्यात ती झुळुकीला माझ्याकडे ठेवायला घेऊन आली. शेड मोडलं होतं, जागा सोडायची होती. गाडीतून उतरवून तिने घोडी बांधली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकाजी, तुमी इतक्या चांगल्या रक्ताची घोडी देल्ली मले," ती म्हणाली. "माह्याच हातानं खराब झाली. मले माफ करा जी."

घरची आत होती. अंगणात आम्ही दोघंच. सांगायला कोणी अडवत नव्हतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा, होते असं."

मी तिला माफ केलं.