मेस्तमामांचा गज

मेस्तमामा नव्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. आधी हात बघत. कासार बांगड्या भरण्यापूर्वी हात दाबून पाहतो, तसा ते समोरच्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेत, बोटं एकेक करून मिटत-उघडत, आणि मगच "बसा" म्हणत. नंदिगड्ड्याजवळच्या एका वाडीतल्या मराठी शाळेवर मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि खोली मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझाही हात असाच तपासला गेला. मी नाव सांगत होतो, गाव सांगत होतो, बेळगावात कोणाच्या ओळखी आहेत ते सांगत होतो. त्यांचं लक्षच नव्हतं. "लिवणाऱ्याचा हात हाय," ते आत मामींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "खोटं लिवायची पाळी आली तर बोटं दुखतील ह्याची. ऱ्हाऊ दे ह्याला." एवढ्या शिफारशीवर मला सोप्यालगतची खोली मिळाली आणि पुढची सहा वर्षं मी त्या घरचा होऊन गेलो.

धंद्यानं ते सुतार; तिकडे सुताराला मेस्त म्हणतात. नांगर, दारं, पाळणे सगळं करत. पण तालुक्यात त्यांचं नाव होतं ते बंदुकीच्या लाकडासाठी. भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरत, म्हणून त्या काळी बऱ्याच घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असे. नळी आज्याच्या वेळची आणि दस्ता वाळवीनं खाल्लेला. असा दस्ता नवा करायचा तर मेस्तमामांकडेच यायचं. कुंभारवाड्याची माणसं अर्धा दिवस चालत येत. मामा लोखंडाला हात लावत नसत. "लोखंड लोहाराचं, लाकूड माझं," म्हणत. कोणी घोडा जरा हलका करून मागितला, तर त्याला पाणी पाजून परत पाठवत.

काम करण्याची त्यांची एक तऱ्हा होती, आणि तिला मी फार हसलो आहे. दस्ता असो की मूठ, आधी सावरीच्या हलक्या लाकडाचा नमुना करून तो गिऱ्हाइकाला आठ दिवस वापरायला देत. तेवढे दिवस तो माणूस लाकडाची बंदूक खांद्याला लावून शेताच्या बांधावर फिरे. बायका पदर तोंडाला लावून हसत, पोरं मागून "ठो ठो" ओरडत. आठ दिवसांनी तो नमुना परत आला की मामा त्यावर घामानं कुठं डाग पडला, कुठं लाकूड गुळगुळीत झालं ते उन्हात धरून बघत. "माणसाला काय पायजे ते त्याला सांगता येत न्हाई मास्तर. त्याचा घाम सांगतो."

आणि त्यांचा तो गज. छातीएवढ्या उंचीची, तेल पिऊन काळी झालेली कळकाची काठी. दारात आलेली कोणतीही बंदूक ते हातात घेत, ती आधी गज घालूनच. गज नळीच्या तळाला जाऊन टणकन वाजला तर रिकामी. चार बोटं अलीकडेच मऊ लागून थांबला तर आत दारू आणि छर्रा बसलेला आहे. एकदा गावच्या एका मोठ्या असामीनं "रिकामी आहे हो, माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून आवाज चढवला. मामांनी गज घातला. तो अलीकडेच थांबला. सगळ्यांदेखत त्यांनी आतला ऐवज परातीत काढला आणि म्हणाले, "बंदूक रिकामी हाय हे बंदुकीनं सांगायचं, मालकानं न्हाई." हे वाक्य पुढे तालुक्यात म्हणीसारखं झालं. खंडेनवमीला लोक आपापल्या बंदुका घेऊन त्यांच्या अंगणात जमत. मामा एकेका नळीत गज घालत, आणि तो वाजल्यावरच मामी तिला हळदकुंकू लावत. गज न वाजलेल्या हत्याराला पूजा नाही. अंगणात तीस-चाळीस बंदुका ओळीनं टेकून ठेवलेल्या असत आणि मामांचा रुबाब एखाद्या सेनापतीचा असे.

मामांना एकच मुलगी, सुली. रामनगरला दिली होती. जावई लाकडाचे कंत्राटदार, जीप बाळगून असलेले, दिलदार पण बोलण्यात जरा फुशारकी मारणारे. आम्ही त्यांना रामनगरचे पाहुणेच म्हणायचो. रानावनात एकट्यानं फिरावं लागतं म्हणून त्यांनी परवाना काढून एक जुनं, लहानसं पिस्तूल घेतलं होतं, कमरेला लावायचं. सुली सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिला सोडायला आलेल्या पाहुण्यांनी ते मामांसमोर ठेवलं. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तडकलेल्या होत्या. पाहुण्यांचा पंजा मोठा, पिस्तूल इवलंसं. धरलं की करंगळी खाली लोंबत राही. शिवाय जीपमध्ये बसलं की मुठीची कड पोटात रुते. "मामा, असं करा की ते माझ्या हातासाठीच बनवलंय असं वाटलं पाहिजे," पाहुणे म्हणाले.

जावयाचं काम म्हटल्यावर मामांच्या अंगात आलं. सुलीच्या लग्नातल्या पाटांची उरलेली शिसवी फळी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती, ती काढली. आधी अर्थातच सावरीच्या लाकडाचं आख्खं पिस्तूल झालं, आणि पाहुणे ते कमरेला खोचून आठ दिवस रामनगरला फिरले. जेवायला बसतानाही ते काढायचं नाही अशी मामांची ताकीद होती. मग डाग बघून त्यांनी मागची बाजू भरीव केली, कड गोल केली, खाली करंगळीपुरता एक ओठ काढला आणि घाम आला तरी घसरू नये म्हणून दोन्ही पट्ट्यांवर बारीक चौकड्या कोरल्या. इतकं सुबक काम मी पुन्हा पाहिलं नाही. सुली ती पट्टी गालाला लावून म्हणाली होती, "आप्पा, एवढा जीव माझ्या पाळण्यावर तरी लावलासा काय वो?"

पट्ट्या बसवण्याचा दिवस रविवार होता. सकाळी नऊचा सुमार. मी सोप्यावर वह्या तपासत बसलो होतो, मामा माझ्यापासून चार हातांवर. पाहुण्यांनी पिस्तूल दिलं. मामांनी सवयीनं गज उचलला आणि थबकले. त्या नळीत गज जाणारच नव्हता. करंगळीसुद्धा गेली नसती.

"रिकामं हाय न्हवं, जावईबापू?"

"हे बघा, गोळ्यांचा खण काढून ठेवला. रिकामं आहे."

मामा तरीही उठले. कळकाची एक चिपटी घेतली आणि कोयत्यानं तिची बारीक काडी काढायला लागले. पाहुणे हसले. हसले, पण दुखावल्यासारखे. "मामा, गावच्या लोकांसारखंच मलाही? माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

आमच्याकडे जावयाच्या शब्दावर शंका घेत नाहीत. तो पाटावर बसतो, सासरा उभा राहतो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, आणि कोयता खाली ठेवला. अर्धवट काढलेली काडी भुशात पडली. आयुष्यात पहिल्यांदाच बंदुकीऐवजी मालकाचं ऐकलं होतं त्यांनी. मी तिथंच होतो. "काढा की काडी, काय घाई आहे?" एवढं मला म्हणता आलं असतं. मी पुढची वही उघडली.

खण काढला तरी एक गोळी आधीच नळीत चढलेली राहू शकते, हे ठासणीच्या बंदुकांत जन्म गेलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक असायला हवं होतं ते विसरले होते. दुसरी पट्टी दाबून बसवताना घोडा दाबला गेला, आणि मामांच्या डाव्या हाताचा तळवा नळीपुढे होता. आवाज फार मोठा झाला नाही. मामींना वाटलं, माळ्यावरून काही पडलं.

दांडेलीच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण तो मिटेना. तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. ते कानडी, मराठी न कळणारे, आणि मामांना सांगायचं होतं मराठीत, म्हणून लिहायला मला बसवलं. पाहुणे बाहेर व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभे होते. मामा छताकडे बघत सावकाश सांगू लागले. "लिवा. जावई म्हनालं हुतं, पिस्तूल भरलेलं हाय, तुमच्या म्होरं रिकामं करतो. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी करतो. आनि इसरलो."

माझा हात थांबला. "मामा, पण मी तर ऐकलंय..."

"तुमी काय बी ऐकलं न्हाई. सुलीचा सातवा म्हैना चालू हाय." त्यांनी मान वळवली नाही. "परवाना जाईल, खटला व्हईल, ती घरात बसून रडंल. लिवा मास्तर."

मी लिहिलं. कानडीत वाचूनही दाखवलं. हवालदार सज्जन होते; त्यांनी मामांच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि प्रकरण अपघात म्हणून मिटलं.

मिटलं ते कागदावर. सुलीला मुलगा झाला, घर भरून गेलं; पण ती कधीमधी बापाच्या हाताची मलमपट्टी करताना रागानं म्हणायची, "साऱ्या तालुक्याला शिकवलासा आनि सोता इसरलासा! माज्या मालकास्नी काय झालं असतं तर?" पाहुणे खाली मान घालून बसत. मामा हसत आणि म्हणत, "व्हय गे बाय, म्हातारा झालो. इसराळू झालो." मी तिथून उठून जायचो. त्या घरात मला जेवण गोड लागेनासं झालं होतं, हे कबूल करायला हवं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मामांनी भल्या सकाळी अंगण सारवून घेतलं. गज तेल लावून पुसला. डावा हात धोतराच्या सोग्याखाली लपवून ते पायरीवर बसले. दहा वाजले, अकरा वाजले. समोरच्या पायवाटेनं माणसं खांद्यावर बंदुका घेऊन जात होती, पण ती देवळाकडे. "मेस्तच इसरला, मग आमी कुनाचा भरवसा धरायचा?" हे शब्द मी जोयड्याच्या बसस्टँडवर माझ्या कानांनी ऐकले होते. दुपारी मामींनी कुंकवाची वाटी आत नेली. मामा एवढंच म्हणाले, "बरोबर हाय त्येंचं." त्यानंतर बंदूक घेऊन त्यांच्या दारात कोणी आलं नाही. उरलेल्या बोटांनी ते रवी आणि लाटणी करत राहिले.

दोन वर्षांनी माझी बदली खानापूरकडे झाली. निघताना त्यांनी पहिल्या दिवसासारखाच माझा उजवा हात हातात घेतला. आता त्यांचा एक पंजा नीट मिटत नव्हता. माझी बोटं एकेक करून दाबून त्यांनी विचारलं, "दुखत्यात?"

"व्हय मामा."

"दुखू द्यात. मी हाय तवर दुखू द्यात." आणि हात सोडला.

ते गेले तेव्हा मी बाराव्याला पोचलो. सुलीनं मला सोप्यावर बसवलं, तिथंच, जिथं मी वह्या तपासायचो. तिनं हत्यारांची पेटी उघडली होती. मोठा गज बाजूला काढून ठेवला होता, आणि त्याच्याबरोबर चिंधीत गुंडाळलेली कळकाची एक काडी. विणायच्या सुईएवढी बारीक, घासून गुळगुळीत केलेली, टोकापासून चार बोटांवर खूण केलेली. अधू हातानं ती करायला किती दिवस लागले असतील कोण जाणे.

"मास्तर, ही कशाची वो? आप्पांच्या कंच्याच बंदुकीची न्हवं ही."

मी काही बोलायच्या आत पाहुणे जवळ आले. त्यांचे केस पिकले होते. त्यांनी काडी हातात घेतली, ओळखली, आणि तिथंच खाली बसले. इतकी वर्षं ज्यांना सगळे मोठ्या तोंडाचे म्हणत आले, ते पाहुणे मुलासमोर, मामींसमोर हुंदके देत सगळं सांगत गेले. आपण काय म्हणालो, मामांनी काडी काढायला कशी घेतली, आपण ती कशी ठेवायला लावली.

सुलीनं त्यांना एका शब्दानं दुखवलं नाही. तिनं त्यांच्या हातातली काडी काढून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तो जबाब तुमी लिवलासा."

"व्हय."

"मी त्यास्नी मरेस्तवर इसराळू म्हनत आले. कुनी मला थांबवलं न्हाई." तिनं काडी पुन्हा चिंधीत गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "आता खरं लिवा."

लिहायला मला फार उशीर झाला. काडी या क्षणी कागदाशेजारी आहे. तर माझा जबाब असा: त्या रविवारी मेस्तमामांनी विचारलं होतं, "रिकामं हाय न्हवं?" ते काडी काढायला उठलेही होते. ते काहीही विसरले नव्हते. मी चार हातांवर बसलो होतो आणि मी ऐकलं होतं.