येतं ना, मॅडम

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात माझा कोड तपासणाऱ्या बाई वाचायला बसण्याआधी चष्मा पुसतात. पुसणं लांबलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

नव्या स्कॅनरसाठी मी ड्रायव्हर लिहिला होता, म्हणजे कॉम्प्युटरला त्या यंत्राशी बोलायला लावणारा कोड. झकास चालत होता, चार जणांना दाखवूनही झाला होता. बाईंचा होकार तेवढा बाकी होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे काय करतोस?"

"स्कॅनरचं उत्तर येईपर्यंत थांबतो."

"आणि नाही आलं तर?"

"येतं ना, मॅडम."

हात लांबवून त्यांनी स्कॅनरची केबल उपटली. कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला, माउससुद्धा हलेना. केबल माझ्या हातात देऊन बाई चहाला गेल्या.

संध्याकाळी मी बटण दाबून लिफ्टसमोर उभा होतो. त्यांना काय सुनावायला हवं होतं ते मनात जुळवत होतो. बाई जिन्याकडे जाता जाता थांबल्या.

"लिफ्ट दुपारपासून बंद आहे रे. किती वेळ उभा आहेस?"

उत्तराची वाट न बघता त्या उतरू लागल्या. मी बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं, आणि मगच त्यांच्या मागे निघालो.