कव्हरखालचा बेल्ट

दिनकर जाऊन सात आठवडे झाले. आखाडा बाळापुरात मला भेटायला येणारा माणूस अजूनही आधी गाडीचंच विचारतो. इन्शुरन्सवाले काय म्हणाले, एअरबॅग किती उघडल्या, आणि मग, "गाडी मजबूत म्हणून तुमी वाचले." त्याच मजबूत गाडीत, मागच्या सीटवर, माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला, हे चहा संपेपर्यंत कोणाला आठवत नाही. जाताना कोणीतरी म्हणतोच, "वेळच आली व्हती." त्या वाक्याची मला शिसारी आली आहे.

दिनकर शाळामास्तर, पण जीव सगळा गाड्यांत. त्याच्या जुन्या पांढऱ्या मोटारीला मागे बेल्ट नव्हते, तर नांदेडला भंगारात शोधून आणले आणि स्वतः बसवले. बकलं सीटच्या फटीत जाऊ नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून ती ताठ उभी केली. आम्ही टर उडवायचो, "मास्तर, विमान उडवून राहिले का?" तो चिडायचा. गाडीचे शौकीन म्हणवणाऱ्यांवर तर फारच. "पुढं लोखंडी गार्ड, वर चार लाइटी, कानठळ्या बसवणारा हॉर्न. पळते किती ते समदे सांगतात. थांबते कशी, हे काहून कोणी विचारत न्हाई?"

मी त्याच शौकिनांतला. यंदा मोठी गाडी घेतली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पूजेच्याही आधी सीटकव्हर घातलं. दुकानदाराने विचारलं, मागची बकलं वर काढू की आत दाबू? आत दाबली की सीट सपाट, देखणी दिसते. मी आत म्हणालो.

त्या दुपारी नांदेडहून परतत होतो. पुढे मी आणि माझी बायको, मागे दिनकर. बसल्या बसल्या त्याचा हात सीट चाचपू लागला.

"बकल काहून गाडलं रे?"

"मागं कोण लावतंय? घर आलंच की."

"थांब, कव्हर उसवतो थोडं."

"नवं हाय, दिनकर. राहू दे."

त्याने हात काढून घेतला. मी नव्या गाडीच्या आनंदात होतो, तो आनंद मोडायला नको म्हणून. आयुष्यात एकदाच त्याने माझं ऐकलं. वारंगा फाट्यावर दुभाजकाचा वळसा नको म्हणून एक टेम्पो उलट्या बाजूने समोर आला. आम्ही दोघांनी बेल्ट लावले होते, तेही न लावल्यास गाडी ओरडते म्हणून. मागच्या माणसासाठी ती ओरडत नव्हती. टेम्पोवाल्याला व्हायची ती शिक्षा होवो. पण तो वळसा वाचवत होता आणि मी कव्हर, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

जलदान विधीच्या दिवशी दिनकरच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, यांनी बेल्ट लावला न्हवता का?"

"विसरला," मी म्हणालो.

"हे विसरले?" वहिनींनी विचारलं.

माझा तो एक शब्द गावभर झाला. साऱ्या जगाला शिकवणारा मास्तर स्वतःच विसरला, असं लोक आता पानटपरीवर हसून सांगतात. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण हसायला कारण त्यांना पुरवलं मीच.

वहिनी पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून सगळ्यांसमोर इथे लिहितो. वहिनी, तो विसरला नव्हता. बेल्ट गाडीत होता, तो मागत होता, आणि मी दिला नाही.

परवा मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही आत चहा टाकत होता. पडवीतल्या त्याच्या पांढऱ्या गाडीत मी मागे जाऊन बसलो. न बघता हात खाली नेला. बकल लगेच हाताला लागलं.