उदबत्तीची नळी

आई गेल्यावर मी अप्पांना सिंगापूरला आणलं, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि देव जास्त होते. हौगांगच्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देवांना जागा होती ती एकच, हॉलच्या खिडकीशेजारचं शेल्फ. तिथे त्यांनी समईचे भाग एकात एक फिरवून बसवले, ताम्हन मांडलं, आणि कडेला तांदळाने भरलेल्या वाटीत उदबत्तीची नळी उभी केली. वीतभर उंच, काळीकुट्ट, राखेने आणि कुंकवाने माखलेली. मला समजायला लागल्यापासून ती आमच्या देवात होती.

अप्पांची उदबत्ती लावायची तऱ्हाच वेगळी. उदबत्ती मोडून अर्धी करायची, पेटवायची आणि नळीत सोडायची. मग नुसता धूर वर येई, उदबत्ती दिसत नसे. लहानपणी मी आईला याचं कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यांच्या नादाला लागू नकोस." आई एवढं एकच वाक्य सगळ्या प्रश्नांना वापरायची, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

अप्पांचं तालुक्याच्या गावी बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर फ्रेम केलेला सरकारी परवाना, टेबलावर जाडजूड रजिस्टर, आणि तेलाचा वास. माणूस शब्दाचा इतका पक्का, की गावात लोक त्यांचं माप डोळे मिटून मान्य करत.

आवाज सुरू झाला तो ते आल्यानंतर आठवड्याभराने. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्याकडे खिडकीतून वारा येतो. मी त्या दिवशी घरून काम करत होते. एकाएकी हॉलमध्ये कोणीतरी तोंड मिटून हुंकार द्यावा तसा खालच्या पट्टीतला आवाज आला. थांबला. परत आला. आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले अप्पा अगदी हळू म्हणाले, "हो." आवाज बंद झाला.

मी उठून पाहिलं. वाऱ्याने नळी वाजत होती, दुसरं काही नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की वाजते तशी. मी तिच्यावर बोट ठेवून खात्रीही करून घेतली. तरी पुढचे कित्येक दिवस तेच चाललं. वारा यायचा, नळी वाजायची, अप्पा "हो" म्हणायचे आणि ती गप्प व्हायची. ते झोपेत असले तरीसुद्धा. अकरा वर्षांची माझी लेक शाळेतून आल्यावर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, आजोबांचा पाइप इज कॉलिंग हिम, लाह." मी तिच्यावर उगाचच खेकसले. खरं तर मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी खेकसते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पूजेची भांडी चिंचेने घासायला घेतली. आमच्याकडे आता शस्त्रं म्हणजे माझा लॅपटॉप आणि किचनमधल्या सुऱ्या, पण अप्पांना पूजा साग्रसंगीत हवी. नळीही घेतली. चाळीस वर्षांचं किटण सुटायला वेळ लागला. आधी खालून निळसर पोलाद दिसलं, मग वरच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी चमकला.

मी बंदूकवाल्याची मुलगी आहे. त्या मण्याला माशी म्हणतात आणि ती नेम धरायला नळीच्या तोंडावर असते, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे. माझ्या हातात बारा बोरच्या बंदुकीच्या नळीचा कापलेला तुकडा होता.

मी पाया लेबारला एका बँकेत कम्प्लायन्समध्ये काम करते. लोकांनी काय जाहीर केलं नाही ते शोधणं हीच माझी नोकरी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी इथला कायदा वाचायला घेतला. बंदूक पुरी असायची गरज नाही, नुसती नळीसुद्धा इथे बंदुकीचा भाग धरली जाते, ती विनापरवाना बाळगणं आणि देशात आणणं दोन्ही गुन्हे, एवढं कळल्यावर मी स्क्रीन बंद केली. अप्पा व्हिजिट पासवर होते. मी, नवरा आणि लेक, आम्ही तिघं पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, पण परकेच. बॅगेत समईच्या नळकांड्यांमध्ये हीही ठेवलेली, म्हणून एक्सरेमध्ये कुणाच्या लक्षात आली नसावी. ऑफिसच्या मशीनवर मी असलं काही शोधलं, याचीच मला दिवसभर धास्ती वाटत राहिली.

घरी आल्यावर नळी त्यांच्यासमोर ठेवली. "अप्पा, ही काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"मीच कापली," ते म्हणाले.

मग ते शिकवल्यासारखं बोलू लागले. नळी कापणं म्हणजे गुन्हा नव्हे. तोंडाशी फुगली, चेपली, तर तेवढी कापावीच लागते. पण उरलेली नळी कायद्यातल्या मापाहून आखूड होता कामा नये. आधीचं माप आणि नंतरचं माप, दोन्ही रजिस्टरात, बंदुकीच्या नंबरासकट. तोंड काटकोनात घासायचं, नवी माशी बसवायची, आणि आता छर्रा लवकर पसरेल हे गिऱ्हाइकाला बजावून सांगायचं.

"ही फुगली होती?"

"नव्हती."

गिऱ्हाईक ओळखीतलं होतं, आजीच्या आजारपणात धावून आलेलं. नळी आखूड कर म्हणाला, रानात झुडपांत अडकते. कापली तर माप कायद्याच्या खाली जात होतं. अप्पांनी कापली, आणि रजिस्टरात कायद्यातलं माप लिहिलं. सोबत त्याचा धाकटा भाऊ आला होता, थट्टेखोर माणूस. काम चालू असताना त्याने खाली पडलेला हा तुकडा उचलला, एका बाजूने तळहात लावला आणि तोंडावर फुंकर घातली. छान आवाज निघाला. तो हसत म्हणाला, "अप्पा, ऐकू येतंय का?" कानस चालू ठेवून अप्पा म्हणाले, "हो."

महिन्याभराने बांधाच्या भांडणात थोरल्याने घोंगडीखालून तीच बंदूक काढली आणि या भावाला ठार केलं. लांब नळी घोंगडीखाली मावली नसती.

"पोलीस आले. मी रजिस्टर दाखवलं. म्हणालो, पुढे त्यानेच कापली असेल. कोर्टातही तेच सांगितलं. हा तुकडा त्यांना सापडला असता, तर बंदुकीला लावून पाहिला असता आणि सगळं उघड झालं असतं. त्यांनी घर उचकलं. पण देवघरात कोण हात घालतो?"

म्हणजे रोजची ती अर्धी उदबत्ती देवासाठी नव्हतीच. मला अप्पांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, दोन्ही एकदम.

"उद्या मला पोलिसांकडे घेऊन चल," ते म्हणाले. "देश कुठलाही असू दे. मी कापली, हे मला एकदा कुणाला तरी सांगायचंय. मी तिला रिकाम्या घरात ठेवून येऊ शकलो नाही, तशी मला ती इथेही ठेवायची नाही."

मी हो म्हटलं. रात्रभर हिशेब मात्र दुसराच केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस कोठडीत, आमचा पीआर, लेकीची शाळा. सकाळी मी त्यांना सांगितलं, "तुमचं बीपी वाढलंय, तुम्ही थांबा. आधी मी जाऊन बोलते." नळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि एमआरटी ट्रेनने सेम्बावांगच्या किनाऱ्यावर गेले. समुद्रावर दोन बायका चालत होत्या. त्या लांब जाईपर्यंत मी थांबले आणि नळी पाण्यात टाकली. बुडताना तिच्यातून हवा निघाल्याचा आवाज झाला. तो चालायला हवा होता त्याहून जास्त वेळ चालला.

घरी अप्पा धुतलेला शर्ट घालून दारातच बसले होते.

"दिलीस?"

"दिली."

"कोणी कापली, विचारलं?"

"विचारलं. तुमचं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हातारे आहेत, त्यांना आणू नका म्हणाले."

"लिहून घेतलं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका सैल झाला, की मला तिथे उभं राहवेना. त्या दुपारी ते गाढ झोपले. तेव्हापासून रोज तसेच झोपतात. खिडकीतून वारा येतो, पण ते मान वळवत नाहीत. लेकीलाही काही ऐकू येत नाही, मी दोनदा आडून विचारलं.

मला येतं. शेल्फवर तांदळाची वाटी आहे, तिच्यात आता काही नाही. तीनच्या सुमाराला तोच खालच्या पट्टीतला आवाज येतो, थोडा पाण्याखालून आल्यासारखा, आणि उत्तरासाठी थांबतो. आतल्या खोलीत अप्पांचा श्वास संथ चालू असतो. मी खुर्चीत बसून राहते. अजून मी हो म्हटलेलं नाही.