त्याला ते टायर मीच निवडून दिले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. दारू पिऊनसुद्धा नाही — आणि प्यायल्यावर मी बराच बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मला तुमच्याकडून काही नको. ऐकताना मान हलवू नका. "होतं असं माणसाकडून" असंही म्हणू नका. असं होत नाही. असं करावं लागतं.

आधी विशू कोण, ते सांगतो. विश्वजीत, माझा चुलतभाऊ. माझ्याहून थोडा लहान, मला दादा म्हणणारा. आम्ही कुरुंद्याचे, एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे दोन घरं. मला तो आवडत नाही. आवडत नव्हता असं म्हणत नाही — आजही आवडत नाही. त्याचं मोठ्यानं हसणं, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणं, आणि त्यानं काहीही केलं तरी लोकांनी त्याला माफ करणं. माझ्या आईनंसुद्धा! लहानपणी विहिरीत दगड टाकायचा तो आणि बोलणी खायचो मी. का? तर मी मोठा. चला, हे सोडा. एवढ्यावरून कुणी कुणाचा द्वेष करत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या.

काकांचा हळदीचा व्यापार त्याच्या हातात आला तशी त्यानं हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. पिवळी, बुटकी, दोनच सीटांची. गावानं तिला 'बेडकी' नाव ठेवलं. गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, मग विशू खाली उतरून वाकून बघायचा आणि पारावरची माणसं हसायची. तोही हसायचा त्यांच्यासोबत. त्याला हसलेलं लागतच नव्हतं कधी! याच गाडीत तो हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या सौद्याला जायचा, याच गाडीत सासरवाडीला, आणि वर्षातून तीनचारदा तिला चेन्नईकडच्या रेसच्या ट्रॅकवर घेऊन जायचा. तिथं पैसे भरले की दिवसभर गाडी पळवू देतात.

आणि मी? मी इंजिनिअर. पुण्याकडं एका टायरच्या कारखान्यात होतो, चाचणी विभागात. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते, थंडीत रबर कसं वागतं, हे मोजणं माझं काम. वडील अंथरुणाला खिळले म्हणून नोकरी सोडून गावी आलो. वडील गेले, मी राहिलो. शेती बघतो, वसमतला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जातो.

पहिल्यांदा ट्रॅकवर जाताना विशूनं मला सोबत नेलं होतं. मी खुशीनं गेलो — हे लपवत नाही. नवा शर्ट घालून गेलो होतो. तिथं मोठमोठ्या शहरांतली माणसं, त्यांच्या गाड्या. त्यातल्या एकानं माझ्याकडं बोट करून विचारलं, हे कोण? आणि विशू माझ्या खांद्यावर हात टाकून हिंदीत म्हणाला, "ये हमारा मेकॅनिक है. गाँव से लाया हूँ."

ते हसले. विशू हसला. मला डोळा मारला त्यानं — म्हणजे गंमत. मग मी दिवसभर उन्हात त्याच्या चाकांतली हवा मोजत बसलो. त्या दिवसभरात एकदाही 'हा माझा भाऊ' असं तो म्हणाला नाही. परत आल्यावर हीच गंमत त्यानं पारावर सगळ्यांना सांगितली. त्यानंतर महिनाभर मला गावात लोक "काय मेकॅनिक!" म्हणून हाक मारत होते.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही. असतं तर मी ते केव्हाच सांगून टाकलं असतं.

मग दिवाळीच्या सुमारास तो माझ्या ओट्यावर आला. बेडकीचे टायर झिजले होते.

"दादा, तूच सांग बाबा कोणते घ्यायचे. मला त्यातलं काय कळून राहिलं? ट्रॅकवर बी पळली पाहिजे आन् रोडवर बी चालली पाहिजे. एकच जोड."

त्याच्या मोबाइलवर दोन टायर होते. आता नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे.

पहिला टायर दोन्हीकडं चालणारा. त्यावर खोल खाचा असतात, रस्त्यावरचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं, आणि त्याचं रबर थंडीतही रस्ता धरून ठेवतं. ट्रॅकवर तो जरा मागं पडतो, बस. दुसरा ट्रॅकसाठीच बनवलेला. खाचा नावापुरत्या, जवळजवळ गुळगुळीत. त्याचं रबर म्हणजे गुळासारखं समजा. तापलं की चिकटतं, असं चिकटतं की वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. आणि गार असलं की दगड. त्यात खाली पाणी असलं की मग काहीच धरत नाही. रस्त्यावर वापरायला कायद्यानं बंदी नाही त्याला. पण आमच्याकडच्या रस्त्यावर, उसाला सोडलेलं पाणी रस्त्यावरून वाहत असताना, हिवाळ्याच्या सकाळी — ज्याला टायर कळतो असा कुणीही माणूस तो घे म्हणणार नाही.

मला टायर कळतो. मी म्हणालो, "हा दुसरा घे."

"रोडवर बी चालंल ना?"

"काहून न्हाई चालणार? पळंल."

त्यानं दोनदा विचारलं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी सांगतो — दोनदा. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "मेकॅनिकवर भरोसा न्हाई का?" तो ओशाळला. "तसं नको बोलू रे दादा," म्हणाला आणि तिथंच मोबाइलवर मागणी टाकली.

मला काय हवं होतं? तो मरावा असं नव्हतं मनात. मी चित्र रंगवलं होतं: बेडकी घसरून कुणाच्या तरी उसात शिरली आहे, विशू गुडघाभर चिखलात उभा आहे, तिला ट्रॅक्टर लावून ओढतायत आणि अख्खं गाव हसतंय. या वेळी त्याला हसणं लागावं एवढंच. त्या चित्रात गाडीसमोर कुणी माणूस नव्हतं. पण रस्त्यावर दुसरी माणसं असतात, हे ज्यानं वर्षानुवर्षं ब्रेकची अंतरं मोजली त्याला माहीत नसतं का?

टायर आले, हिंगोलीत बसवून घेतले. मी उभा राहून बसवून घेतले. पुढच्या महिन्यात तो चेन्नईकडं जाऊन आला आणि घरी जायच्या आधी माझ्याकडं पेढे घेऊन आला. "दादा, गाडी रोडला चिकटून राहिली! तिथं सगळे इचारून राहिले का टायर कुणी सांगितले. म्या सांगितलं, माझ्या भावानं." आता म्हणाला. आता! मी पेढा खाल्ला. तेव्हाच सांगता आलं असतं की हे टायर काढून ठेव, ट्रॅकपुरते वापर. जीभ उचलायची होती फक्त.

जानेवारीत एका सकाळी माझी मोटरसायकल चालू होईना. वसमतला वेळेवर पोचायचं होतं. मीच भिंतीपलीकडं हाक मारली. विशू डोळे चोळत उठला, शाल गुंडाळूनच गाडीत बसला. मला सोडायला निघाला होता तो. टायरांचं माझ्या डोक्यातही नव्हतं — खरंच नव्हतं. असल्या गोष्टी करणारा माणूस त्या विसरूनही जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

धुकं होतं. पुढं उसाच्या गाड्या होत्या, म्हणून विशू हळू चालवत होता. गाड्या मागं पडल्यावरही हळूच. मी काट्याकडं बघितलं होतं. काटा चाळीस आणि पन्नासच्या मधे होता. हे आकडे मी शपथेवर सांगू शकतो. सांगायला हवे होते, तेव्हा सांगितले नाहीत.

एका शेतातलं पाणी रस्त्यावर आलं होतं, पातळ पट्टा. त्याच्या पुढं धुक्यातून मेंढरं निघाली. त्यांच्यामागं पारूबाई — आमच्याच शिवारातल्या मेंढपाळाची बायको — एका कोकराला बाजूला ओढत होती. विशूनं लगेच ब्रेक दाबला. साध्या टायरांची कुठलीही गाडी थांबली असती. आमची साबणावरून जावी तशी गेली. विशू स्टिअरिंग फिरवत होता आणि गाडी ऐकत नव्हती. तो ओरडला, "दादा, धरंना गेली!" मग आवाज झाला. मग गाडी लिंबाच्या झाडाला आडवी लागली आणि विशूचं डोकं बाजूच्या काचेवर आदळलं.

मला खरचटलंसुद्धा नाही. पारूबाईचा पाय नांदेडच्या दवाखान्यात गुडघ्याच्या वर कापावा लागला.

विशू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कदाचित आठवणारही नाही. मी खाटेजवळ बसलो होतो. काय घडलं ते काकूनं सांगितल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं? ती बाई जिवंत आहे का? आणि मग —

"दादा, म्या किती जोरात हुतो?"

इथं थांबतो जरा.

मला सांगता आलं असतं: तू हळू होतास, टायर चुकीचे होते, ते मी दिले. त्यानं मला मारलंही नसतं. ओळखतो मी त्याला — माफ केलं असतं. आणि त्याच्याकडून माफी घ्यायची या विचारानंच माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणालो, "लय जोरात हुतास. म्या सांगून राहिलो हुतो, तू ऐकलं न्हाईस."

तो भिंतीकडं तोंड करून रडला. मी बघत बसलो. वाईट वाटलं का? तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणू का? नाही वाटलं. तेव्हा तर नाहीच.

पोलिसांनाही मी तेच लिहून दिलं. शंभराच्या वर असेल, साहेब. पारूबाईची गाडीकडं पाठ होती, धुक्यात दुसरं कुणी बघणारं नव्हतं, आणि विशू गाडी पळवतो हे अख्ख्या तालुक्याला माहीत. गाडी तपासायला आलेल्या साहेबांनी चाकांवरून हात फिरवला, म्हणाले, "टायर तर नवेच आहेत." मी म्हणालो, "हो साहेब, दिवाळीतच घेतले." कोर्टात विशूनं वकिलाचं ऐकलं नाही. उभा राहिला आणि गुन्हा कबूल केला — न आठवणारा, न केलेला गुन्हा, माझ्या शब्दावर. काही महिने जेलमध्ये राहून आला. काकू त्या काळात वाळून काठी झाली.

आणि माझं काय झालं? माझं नाव झालं! रक्ताच्या माणसाविरुद्ध खरं बोलला म्हणून. आता बांधाचं भांडण असो की भावाभावांतल्या वाटण्या, लोक म्हणतात दादाला बोलवा, तो कुणाची बाजू घेणार नाही. मी जातो. खुर्चीवर बसतो. निवाडा देतो.

तुम्हाला वाटेल की विशू मोडला, माझं समाधान झालं. तेवढंही नाही झालं. जेलमधून आल्यावर त्यानं बेडकी विकली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. रोज सकाळी चालत पारूबाईच्या वस्तीवर जातो. तिची मेंढरं सोडतो, पाणी भरतो, तिच्या नवऱ्यासोबत चहा पितो. सुरुवातीला त्यांनी त्याला शिव्या देऊन हाकललं, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. आता ती त्याला विशूबापू म्हणते. गाव म्हणतं, ठेच लागली आणि सोनं झालं पोराचं. माझ्या खोट्यावर तो चांगला माणूस होऊन बसलाय, आणि ते मला त्याच्या हसण्यापेक्षाही जास्त सलतं. आता सांगितलं तर काय होईल? तो त्या दोषातून सुटेल. आणखी मोठा होईल. म्हणून सांगत नाही. भीतीनं गप्प आहे असं समजू नका, भीती असती तर ती एव्हाना संपली असती.

गेल्या महिन्यात पारूबाईच्या पोरीचं लग्न झालं. विशूला मीच माझ्या मोटरसायकलवरून घेऊन गेलो. मांडव वस्तीवरच होता. विशू पंगतीत वाढत होता, घामाघूम. मी पहिल्या पंगतीत बसलो होतो. कुबडी टेकत पारूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, पोटभर जेवा," ती म्हणाली. "तुमी हुता म्हणून खरं भाईर आलं. न्हाई तर आमच्यासारख्याचं कोन ऐकतंय? भाऊ असून बी खोटं बोलला न्हाईत तुमी." मग मागं वळून तिनं हाक मारली, "विशूबापू, दादाला बुंदी वाढा की."

विशू आला. वाकला. माझ्या पत्रावळीवर बुंदी वाढली, आणि माझ्याकडं बघून मान डोलावली — की बाई बरोबर बोलतेय.

बुंदी गरम होती. मी खाल्ली. तो दुसऱ्यांदा वाढायला आला तेव्हा पुन्हा घेतली.